नऊ तांबरेघा

१

सोमवारी सकाळी साडेनऊला केंद्राच्या प्रमुखांनी खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि कोट खुंटीला अडकवता अडकवता पाठमोऱ्यानेच विचारलं, "काय मंडळी, कसं काय?" अठरा वर्षं ते रोज असंच विचारत. मग त्यांनी वळून बघितलं. काचेची मोठी टाकी निम्मी रिकामी होती, आणि उरलेल्या पाण्यात एकही मासा नव्हता.

साडेदहाला त्यांचा फोन माझ्या टेबलावर आला.

"चोरी झालीय."

"काय गेलं?"

"नऊ मासे."

मी पेन खाली ठेवलं. "साहेब, माशांसाठी चौकशी अधिकारी लागत नाही. दुसरे नऊ आणा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दुसरे नाहीत," ते म्हणाले. "कुठेच नाहीत. सगळ्या जगात मिळून नऊ होते आणि ते माझ्या ताब्यात होते."

मी खात्याची चौकशी अधिकारी. एकतीस वर्षांत मी गहाळ खुर्च्या शोधल्या, खोटे हजेरीपट पकडले, एकदा एक अख्खा जिना कागदावर बांधलेला निघाला तोही पकडला. जिवंत वस्तू कधी शोधली नव्हती. शिवाय गेलं वर्षभर प्रशासनाचा कारभारही माझ्याच गळ्यात पडला होता. परवा शनिवारी अर्धा दिवस कधीच संपला होता तरी मी एकटी फोन उचलत बसले होते. कुणाला पंखा हवा, कुणाला बदली हवी, एका बाईला फवारणी नको. सगळ्यांना माझं एकच उत्तर ठरलेलं, "लेखी द्या."

बाराच्या सुमारास मी केंद्रात पोचले, आणि दारातच माझ्या लक्षात आलं की कुलपाला साधा ओरखडासुद्धा नाही. चोराकडे किल्ली होती.

२

दुर्मिळ माशांचं हे केंद्र म्हणजे जुन्या पाणीपुरवठ्याच्या आवारातली दोन खोल्यांची बैठी इमारत. एका खोलीत कागद, दुसरीत टाकी. प्रमुख साठीच्या जवळचे, खांदे पडलेले, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. त्यांनी मला भिंतीवरचा फोटो दाखवला. बोटाएवढा राखाडी मासा आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत तांब्याच्या तारेसारखी एकच रेघ.

"तांबरेघ," ते म्हणाले. "एकाच झऱ्यात राहायची. शहराला पाणी पुरेना, तेव्हा झरा बंदिस्त करून नळाला जोडला. तुम्ही सकाळी तोंड धुता ना, ते पाणी." रागाने नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं. "आम्ही सदतीस मासे उचलून आणले. राहता राहता नऊ राहिले. चार वर्षांत एक अंडं नाही."

मी खोली बघायला लागले. टाकीवर झाकण नीट बसवलेलं, दोन्ही खिट्ट्या लावलेल्या. टाकीत बुडबुडे सोडणाऱ्या हवेच्या पंपाची पिन काढून वायर गोल गुंडाळून ठेवलेली. जमीन कोरडी. मोरीपाशी प्लॅस्टिकचा मग, घडी घातलेल्या फडक्यावर उपडा.

"शनिवारी सकाळी मासे होते?"

"होते. मीच खाऊ घातलं. एक वाजता कुलूप लावून घरी गेलो."

"माशांशिवाय आणखी काय गेलंय?"

ते टाकीत वाकून बघत राहिले. "पाणी. आणि कोपऱ्यात शेवाळाचा एक जुना गुंता होता, तोही नाही."

टाकीशेजारी एक मोठी काचेची बरणी होती. तिचा पंप वेगळा, तो चालू होता आणि पाणी खदखदत होतं. माशांना खायला पाळलेले टाचणीच्या टोकाएवढे पाणकिडे त्यात असतात, असं प्रमुख म्हणाले. मला तळाशी नुसता पांढरा गाळ दिसला. भिंतीच्या कडेला चार झुरळं उताणी पडली होती. मी सगळं वहीत उतरवलं, कारण वहीत उतरवणं मला येतं. त्याचा अर्थ लावणं तेव्हा येत नव्हतं.

मग मी फडताळ उघडलं. आत नऊ रिकाम्या बरण्या, स्वच्छ धुतलेल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, 'तांबरेघ', आणि खाली तारखेसाठी मोकळी जागा.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

प्रमुखांनी पुढे होऊन फडताळाचं दार लावून घेतलं.

३

"मेल्यावर ठेवायला," ते अखेर म्हणाले. "गेल्या वर्षीच धुऊन ठेवल्या. एक ना एक दिवस लागणारच होत्या." टेबलाच्या खणातून त्यांनी एक कागद काढला. 'तांबरेघ ही जात नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात येत आहे.' खाली तारीख मोकळी.

"हेही तयार?"

"बाई, घरात कुणी चार वर्षं अंथरुणाला खिळलेलं असलं की माणूस मनातल्या मनात तयारी करतो. म्हणजे मी त्याचा गळा दाबला असं होत नाही."

खरं बोलत होते की नाही, सांगता येईना. मासे मेले असते तर आपण सुटलो असतो, हे मात्र त्यांनीच एका दमात कबूल केलं. पण मारायचे असते तर टाकीतच मारता आले असते. पाणी कशाला न्यायचं?

किल्ल्या तीन होत्या. एक त्यांच्याकडे. एक डॉक्टरीणबाईंकडे, म्हणजे माशांच्या पशुवैद्य. तिसरी मामांची.

"मामा कोण?"

"एकोणीस वर्षं मासे सांभाळणारे. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. जागा भरली नाही, तेव्हा रोज तसेच येतात. किल्ली मी परत मागायला हवी होती." ते खाली बघत म्हणाले. "मागितली नाही."

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या, हातात प्रवासाची पिशवी तशीच. तिशीतल्या, तडक बोलणाऱ्या. टाकी बघितली आणि प्रमुखांवरच उखडल्या. "तीनदा अर्ज केला होता मी! मोठ्या केंद्रात हलवा म्हणून! तीनदा नकार!"

"आणि एकदा तुम्ही म्हणाला होतात," प्रमुख हळूच म्हणाले, "की पिशवीत घालून घेऊन जाईन."

"म्हणाले होते. नेलं असतं तर आज तोंडावर सांगितलं असतं."

त्या गुरुवारपासून परगावी होत्या, बहिणीच्या बाळंतपणाला. दवाखान्याचा पास दाखवला, शनिवारी दुपारी अडीचचा शिक्का. चार तासांचा रस्ता. शेवाळाचं कळल्यावर मात्र चमकल्या. "ते घाणेरडं शेवाळ? दहादा सांगितलं होतं काढून टाका. रोगाचं घर असतं ते. चोराने कशाला नेलं?"

"शौकिनाला विकायला नेले असतील," प्रमुख म्हणाले. "बुडबुड्याला विचारा. गेल्या वर्षी तो एक जोडी मागत होता."

४

बुडबुड्या म्हणजे काचेच्या टाक्या आणि पंप विकणारा दुकानदार. बोलताना त्याचा आवाज खरंच पाण्यातून आल्यासारखा येई. दुकानात छत्तीस टाक्या लुकलुकत होत्या. मला बघून त्याने आधी हात पुसले, मग कपाळ.

"मागितली होती जोडी," तो म्हणाला. "नाकारत नाही. पण मागणं वेगळं आणि चोरणं वेगळं, मॅडम."

"शुक्रवारी तुम्ही केंद्रात गेला होतात."

"पंपाची नळी बदलायला. मामा दिसले नाहीत म्हणून विचारलं, तर डोळ्याचं ऑपरेशन म्हणाले. शनिवारी दिवसभर मी इथे. गिऱ्हाइकांना विचारा." मग त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, किती गेले?"

"सगळे. नऊ."

"म्हातारीसुद्धा?"

"कोण म्हातारी?"

"त्यातली एक आंधळी आहे. शेपूट झिजलेली. तिला कोण शौकीन घेणार? माझ्या धंद्यातला माणूस चार तरणे उचलेल आणि पळेल. आणखी काय नेलं?"

"शेवाळ."

तो हसायलाच लागला. "मग तर नाहीच. आम्ही मासा घेतला की पहिलं शेवाळ फेकतो. शेवाळ नेणारा माणूस मासे विकत नसतो. त्याला वाटलं असेल, घर बदललं तरी ओळखीचं काहीतरी सोबत असू दे."

मी वहीत एक ओळ लिहिली: चोर जाणकार नाही, पण माशांवर जीव आहे. आणि सरळ मामांच्या घराकडे निघाले. तिथे मला दार उघडायच्या आधीच आतून रडण्याचा आवाज आला.

५

रडत होते मामाच. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, उशाला थेंबांची बाटली. बातमी प्रमुखांनी तासाभरापूर्वीच फोनवर सांगितली होती.

"रडू नका म्हटलं ना!" खाटेशी बसलेली बाई खेकसली. "डोळा जाईल. मग बघा कुणाकडे बघायचं ते."

ह्या मामी. ठेंगण्या, पदर खोचलेल्या. मी कोण ते सांगितलं तशा त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

मामा शुक्रवारी दवाखान्यात दाखल झाले ते रविवारी दुपारी सुटले. वाकायचं नाही, उचलायचं नाही, आठ दिवस.

"मासे दोनदा खातात," मामा हुंदके आवरत म्हणाले. "शनिवारी दुपारचं कोण घालणार? साहेब एकला जातात. म्हणून मी किल्ली हिच्याकडे दिली होती. म्हटलं, तीन वाजायच्या आत जाऊन घालून ये."

मी मामींकडे वळले. "गेला होतात?"

"नाही."

"का?"

"कंटाळा आला."

"कंटाळा!" मामा उठून बसले. "एवढं एक काम सांगितलं तुला! तू गेली असतीस तर चोर दिसला असता! एकोणीस वर्षं तू त्यांच्यावर खार खाऊन आहेस, मला माहीत नाही का!"

"आहेच मुळी," मामी थंडपणे म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "बाई, माझ्या नऊ सवती होत्या त्या. दिवाळसण काही नाही, आजारपण काही नाही, ह्यांचं आपलं मासे आणि मासे. गेल्या तर बऱ्या गेल्या. किल्ली ती खुंटीला आहे, घेऊन जा."

मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मामींनी त्यांच्या गालावरचं पाणी पदराने टिपलं आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. मी मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. त्यांनी रांजण हलवून बघितला, रिकामा. कळशी घेऊन त्या पुढच्या दाराने शेजारी गेल्या.

"मागे हौद आहे ना तुमचा?" परत आल्यावर मी विचारलं. मागच्या खिडकीतून त्याची सिमेंटची कड दिसत होती. वर फळ्या टाकलेल्या, फळ्यांवर ओलं गोणपाट.

"घासायला काढलाय," त्या म्हणाल्या.

मला ते तेव्हा खटकलं नाही. मी केंद्रात परत गेले, तर डॉक्टरीणबाई पाणकिड्यांच्या बरणीवर वाकल्या होत्या. त्यांनी पंपाची नळी नाकाशी धरली आणि झटकन बाजूला केली.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्या खोलीत विष आहे."

६

"झुरळांचं औषध," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "माणसाला फार काही होत नाही. माशांना एक थेंब पुरतो. पंप काय करतो? खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. फवारणी झाली असणार, ह्या बरणीचा पंप चालू राहिला, आणि पाणकिडे मेले."

"मासे टाकीत असते तर?"

"तासाभरात सगळे पोटावर." त्या बोलता बोलता थांबल्या. टाकीच्या पंपाची गुंडाळलेली वायर आमच्या दोघींच्याही एकदमच लक्षात आली.

प्रमुख दारात उभे होते. "म्हणजे चोराने..."

"वाचवले," मी म्हटलं. "फवारणीच्या आधी नेले. त्याला माहीत होतं फवारणी होणार आहे."

"पण मलाच माहीत नव्हतं!" प्रमुख म्हणाले. आणि टेबलावरचा न उघडलेल्या टपालाचा गठ्ठा बघून मटकन खुर्चीत बसले.

फवारणीवाला बुधवारी सकाळी सापडला, एका शाळेच्या आवारात, पाठीवर पंप, गळ्यात मुखवटा, चष्म्यावर धुकं.

"शनिवारी दोनला गेलो होतो," तो म्हणाला. "दार उघडं. आत एक बाई होत्या. मी सांगितलं, मासे आहेत, काढा, नाहीतर संपलेच समजा. त्या म्हणाल्या, फवारू नका. मी म्हटलं, मला आदेश आहे, आज नाही झालं तर माझं काम जाईल. आदेश दाखवला. त्यावरच्या नंबरावर त्यांनी फोन लावला. खूप ओरडल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, एक तास द्या. मी मागची गटारं करायला गेलो. परत आलो तर टाकीत मासे नव्हते. म्हटलं, काढले, बरं झालं."

"दिसायला कशा होत्या?"

"ह्या चष्म्यातून? भूत असतं तरी ओळखलं नसतं."

"आदेश दाखवा."

त्याने घडी पडलेला कागद काढला. खात्याच्या बेचाळीस इमारतींची यादी. सदतिसावं नाव ह्या केंद्राचं. खाली सही.

सही माझी होती.

मला ती केल्याचं आठवत होतं. महिन्यापूर्वी, फाइलींच्या चळतीत, पहिलं पान वाचून. सदतिसाव्या ओळीपर्यंत मी गेलेच नव्हते. आणि नंबर माझ्याच टेबलाचा होता.

"फोनवर काय म्हणत होत्या त्या?" मी विचारलं.

"सगळं नाही ऐकलं. एवढं ऐकलं की, 'लेखी देईपर्यंत जीव राहणार आहेत का आत?'"

हे वाक्य मी ऐकलं होतं. शनिवारी दुपारी, माझ्या टेबलावर, रिसीव्हर कानापासून लांब धरून. त्या वाक्यावरच मी फोन ठेवून दिला होता.

७

त्या दुपारी मी एकटीच गेले. मामी पुढच्या ओट्यावर घमेल्यात कपडे धूत होत्या, शेजारून आणलेल्या पाण्यात. घरामागे भरलेला हौद असताना.

मी पायरीवर बसले. "मामी, तुमच्या स्वयंपाकघरात सगळी भांडी घडी घातलेल्या फडक्यावर उपडी असतात."

"असतात. मग?"

"केंद्रातला मगही तसाच होता. तिथली माणसं मग मोरीत फेकून देतात, मी दोन दिवस बघतेय."

त्या कपडे पिळत राहिल्या.

"चोर जाणकार नव्हता, कारण शेवाळ नेलं. विकणारा नव्हता, कारण आंधळी म्हातारी नेली. किल्ली तुमच्याकडे होती. आणि टाकीत कायम तुमच्याच हौदाचं पाणी जायचं, प्रमुखांनी आज सांगितलं. नळाच्या ताज्या पाण्यातलं औषध त्यांना सोसत नाही म्हणून मामा हौदात मुरलेलं पाणी कॅन भरून न्यायचे. तुमच्याखेरीज कुणाच्या घरी त्या जगल्या नसत्या."

मामींनी हात झटकले. मग पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"आधी तुम्ही सांगा. फोनवरचा तो आवाज तुमचाच ना?"

"माझाच."

"परवा दारात तोंड उघडलंत तेव्हाच ओळखला."

"सहीसुद्धा माझीच होती."

ह्याची त्यांना अपेक्षा नसावी. त्या घमेलं बाजूला सारून माझ्या शेजारी बसल्या.

"मला तासभर मिळाला होता," त्या सांगू लागल्या. "ह्यांचे पाण्याचे दोन कॅन तिथेच होते. मगाने पाणी भरलं, मासे भरले, चालत घरी. तीन खेपा. ती म्हातारी काही केल्या मगात येईना. मी म्हटलं, 'ये गं बाई, तुला सोडून गेले तर हे मला घराबाहेर काढतील.' वायर गुंडाळली, पायात येते कुणाच्या. ते किडे तेवढे नाही आणले. मला शिसारी येते त्यांची."

"मग सांगितलं का नाही? निदान मामांना?"

"ह्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. ह्यांनी त्याच तासाला साहेबांना सांगितलं असतं. साहेबांनी तुम्हाला. आणि तुम्ही काय केलं असतंत? लिहून पाठवलं असतंत, मासे ताबडतोब जागच्या जागी ठेवा. त्या विषाच्या खोलीत. मग मी काय केलं असतं? सरकारचे मासे, माझ्या हौदात. लेखी द्या म्हटलं असतंत."

माझ्या पिशवीत मंगळवारीच टाइप केलेला मसुदा होता: 'सदर मासे सापडताच तात्काळ मूळ जागी ठेवण्यात यावेत.'

मी तो काढला, त्यांना वाचायला दिला आणि त्यांच्यासमोरच फाडला.

मागे काहीतरी धडकलं. दाराच्या चौकटीला धरून मामा उभे होते, एका डोळ्याने आमच्याकडे बघत.

"हौदात?" ते म्हणाले. "माझ्या उशापासून वीस पावलांवर?"

"हळू चला!" मामी ओरडल्या, पण ते निघालेच होते. आम्ही दोघी मागे धावलो. मामींनी गोणपाट ओढलं, फळी सरकवली. मामा वाकायला गेले तशी त्यांनी त्यांची कॉलर धरली.

"वाकायचं नाही! मी सांगते. एक, दोन, ती तिसरी..."

"म्हातारी?"

"ती काय, कोपऱ्यात. शेवाळाला टेकून बसलीय महाराणी."

नऊ झाल्या. मी स्वतः मोजल्या, दोनदा. हिरवट अंधाऱ्या पाण्यात नऊ तांब्याच्या रेघा इकडून तिकडे जात होत्या. मी हौदाच्या कडेवरच बसले. तीन दिवस छातीवर काहीतरी घेऊन हिंडत होते, ते खाली ठेवल्यासारखं वाटलं.

"अगं, मी तुला काय काय बोललो," मामा म्हणत होते.

"बोललात खरं," मामी म्हणाल्या. "आता महिनाभर व्याजासकट ऐका."

८

त्याच संध्याकाळी मी दोन कागद लिहिले. पहिला, फवारणीच्या आदेशाबद्दल, माझं नाव घालून, जसं घडलं तसं. वरिष्ठांनी काय करायचं ते करावं. दुसरा असा की मासे जिथे आहेत तिथेच राहतील, खोली तपासून झाल्याशिवाय कुणी त्यांना हात लावायचा नाही, आणि यापुढे त्या कधीही एकाच ठिकाणी ठेवायच्या नाहीत. प्रमुखांनी दुसऱ्यावर सही केली. वाचून, ओळीवर बोट ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई हौद तपासायला आल्या. पाणी नळीत घेतलं, मान हलवली, चांगलं आहे म्हणाल्या. मग शेवाळाचा गुंता बघून नाक मुरडलं आणि तो काढायला हात घातला. हात तसाच पाण्यात राहिला.

"साहेब," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "इकडे या. हळू."

शेवाळाच्या धाग्यांना पारदर्शक मणी चिकटले होते. खसखशीच्या दाण्याएवढे, शेकडो.

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. डॉक्टरीणबाई पाण्याकडे बघत बोलल्या. "चार वर्षं मी तुमची काच लख्ख ठेवायला लावली. डोक्यावर दिवा. शेवाळ दिसलं की काढा. त्यांना अंधार हवा होता आणि हा गुंता हवा होता." त्यांनी डोळ्यांवर मनगट फिरवलं. "जीव तोडून सांभाळत होतो आम्ही, आणि त्यातच त्या संपत होत्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" मामी म्हणाल्या. "मग? मलाही काही कळत नव्हतं. मी आपलं सामान समजून आणलं."

आठ दिवस आम्ही कुणीच धड झोपलो नाही. मी रोज कचेरीतून फोन करायची, आणि रोज मामी उचलून म्हणायच्या, "काही नाही अजून. ठेवा." नवव्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला. एवढंच म्हणाल्या, "या."

मी पोचले तेव्हा सगळे हौदाभोवती होते. बुडबुड्याही आला होता, तीन नव्या टाक्या हातगाडीवर घालून, कुणी न सांगता. मामांची पट्टी निघाली होती आणि आता ते खुशाल वाकत होते. डॉक्टरीणबाईंच्या हातात भिंग होतं. पाण्याच्या वरच्या थरात, ऊन तिरपं पडलं होतं तिथे, केसाएवढ्या बारीक काड्या हलत होत्या. प्रत्येकीला दोन काळे ठिपके, डोळ्यांचे.

"कुणी बोलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोजतेय. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस..."

आम्ही सगळे पाण्यावर वाकलो.

"...सदुसष्ट, अडुसष्ट..." तेवढ्यात एक मोठी तांबरेघ खालून सळकन गेली आणि सगळ्या काड्या एकदम उधळल्या, चारी बाजूंना.

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली केलं. "गेले. परत पहिल्यापासून."

प्रमुख हसायला लागले. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं, त्यांनाही ते जमत नसावं, मध्येच ठसका लागला. मामींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे होऊन डॉक्टरीणबाईंच्या हातून भिंग घेतलं.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "एक, दोन, तीन..."